बहिरं बटण

भाच्याने दिलेल्या लॅपटॉपवर
डिलीटला अगदी खेटून एक बटण आहे, चंद्रकोरीचं.
दाबलं की मशीन झोपतं.
कुणी ठेवलं असेल ते तिथं?
पुसायच्या शेजारी झोपायचं,
फिनेलच्या बाटलीशेजारी खोकल्याचं औषध ठेवावं तसं.

माझी करंगळी नेमकी तिथंच जाते.
रविवार कारंज्याजवळच्या क्लासात तीसची परीक्षा दिली,
देवधर सर बोटांवर पट्टी मारायचे, "नजर कागदावर!"
एकोणतीस वर्षं नजर कागदावर आहे
आणि करंगळी रात्री दिवा गेल्यासारखी
भिंत चाचपत जाते.

कोर्टाच्या भिंतीला, लिंबाखाली माझं टेबल.
भाडेकरार, नावातला बदल,
रेशनकार्ड हरवल्याचं प्रतिज्ञापत्र.
वरच्या ओळीत विमानाचं बटण, त्याने नेट जातं.
ओझरहून विमानं उडतात म्हणे, मी अजून बसले नाही.
एक कॅल्क्युलेटरचं, ते न बोलावता येतं,
नणदेच्या दिरासारखं मधोमध उभं राहतं.
या दोघांचं मी चालवून घेतलं.
चंद्राचं नाही.

मखमलाबादच्या सुगंधा पिंगळे आल्या, दोन भावांबरोबर.
हक्कसोडपत्र.
गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस नाला,
विहीर, त्यावरील मोटारीसह,
"मी लिहून देणार, माझ्या स्वखूशीने"
उकार दीर्घ पडला. नेहमीच पडतो.
खुशीचा उकार ऱ्हस्व, हे डोक्याला माहीत आहे, हाताला नाही.
करंगळी पुसायला गेली
आणि पडदा काळा.

काळ्या काचेत त्या दिसल्या, माझ्या खांद्यामागे,
चष्मा धरलेला, ओठ हलत होते.
अजून वाचत होत्या
जिथं आता अक्षर नव्हतं.
भाऊ स्टॅम्पपेपरच्या रांगेत.
जुनं मशीन, उठायला दीड मिनिट घेतं.
"ताई, यात विहिरीचंही आलं का?"
"आलं."
"पाटल्या मोडून खांदली होती आईनं."
मी पासवर्ड टाकला. चुकला.
पुन्हा टाकला. चुकला.
दुसऱ्यांदा मीच चुकवला.

"उद्या बघू," सुगंधाबाई उठल्या.
थोरला भाऊ माझ्याकडे नाही, लॅपटॉपकडे बघत बोलला,
"दुरुस्त करून घ्या मॅडम. लोकांचा वेळ जातो."

एम. जी. रोडच्या गाळ्यात तौसीफने विचारलं,
"उपटून टाकू की बहिरं करू?"
उपटलं तर भोक राहतं, धूळ जाते,
शिवाय दिसतंही वाईट.
बहिरं केलं.
आत कुठल्याशा रांगेत त्याच्या नंबरापुढे शून्य लिहिलं.
"आता दाबा. बटणाला वाटेल दाबलं,
मशीनला पत्ताच लागणार नाही."
विमानही घालवलं, कॅल्क्युलेटरही.
दीडशे रुपये, वर कटिंग चहा त्याच्याकडून.

काम पळायला लागलं.
परवा सिन्नरची एक बहीण, अकरा मिनिटांत मोकळी.
तिने काही विचारलं नाही.
विचारायला फटच नव्हती कुठे.

सुगंधाबाईंचा दस्त तिसऱ्या टेबलावर झाला,
बोडकेंनीच सांगितलं, पान लावता लावता.
त्यांचा डेस्कटॉप. तो झोपत नाही.

करंगळीला मात्र कुणी काही कळवलेलं नाही.
उकार दीर्घ पडतो, ती जाते,
चंद्र खाली जातो, वर येतो,
टक्क असा आवाजसुद्धा करतो,
पडदा जसाच्या तसा.
आणि मी हात मांडीवर घेऊन बसते,
साधारण दीड मिनिट.
समोरचा भाऊ घड्याळ बघतो,
"हँग झालं का मॅडम?"
"हो," म्हणते, "जुनं आहे."
आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीकडे बघते.