प्रायव्हेट नंबर

धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टर खापर्डे बाईंनी
कण्याचं प्लास्टिकचं मॉडेल टेबलावर ठेवलं
आणि म्हणाल्या, दुखणं मेंदूकडे जातं ना,
त्या वाटेवर एक फाटक असतं.

मी हसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा
कुणी माझ्या भाषेत बोललं होतं.

एकतीस वर्षं फाटकच तर सांभाळलं,
भांडेवाडीच्या पुढे, छोट्या लाइनवर.
स्टेशनातून फोन, मग हँडल, मग कुलूप,
मग मास्तरला दोन आकडी प्रायव्हेट नंबर :
फाटक बंद, त्र्याहत्तर.
नंबर दिल्याशिवाय सिग्नल पडायचा नाही.

मग एक ट्रक थांबलाच नाही.
लोखंडी दांडा तुटून माझ्या कमरेत आला.
दोन ऑपरेशनं. मणका जुळला,
फोटोत सगळं सरळ,
आणि डाव्या पायातून रात्रंदिवस ट्रक,
रेतीचे, विटांचे, एकामागे एक.
गोळ्या, शेक, उमरेडचा तो चोळणारा.
कुणी म्हणालं, मनाचं आहे.
मनाचं असतं तर पाय मी
मनातल्या मनात कधीच कापून दिला होता.

आता पाठीत दोन तारा आहेत, शेवयांएवढ्या,
आणि कमरेच्या वर, कातडीखाली, काडेपेटीएवढी डबी.
बारीक करंट म्हणजे गाडी, बाई म्हणाल्या,
ती जात असेल तोवर ट्रक उभे.
आधी सात दिवस तारा बाहेर ठेवून पाहिलं, झोप लागते का.
चौथ्या रात्री लागली.
कौतिका म्हणे नाकाशी हात धरून बसली होती,
श्वास चालू आहे की नाही बघत.

जुनी यंत्रं नुसती पाठवत राहायची.
पोचलं का, त्यांना पत्ता नसे.
खोकलं की झटका, वाकलं की झटका.
हे नवं पाठवून थांबतं,
नस काय म्हणते ते ऐकतं,
मग तेवढंच कमीजास्त करतं.
म्हणजे नंबर परत मागतं, मी म्हणालो.
बाईंना कळलं नाही. जाऊ द्या.

सीताबर्डीला मेट्रोच्या दारातून मी जात नाही,
बाजूला होऊन कार्ड दाखवतो.
गार्ड पोरगा विचारतो, काका, अंदर काय आहे?
गेटमन, म्हणतो मी.

रविवारी पट्टा बांधून तासभर चार्जिंग, कूलरसमोर.
मे महिन्यात लाइन गेली
की कौतिका आधी माझ्याकडे बघते, मग कूलरकडे.

ट्रक गेलेला नाही, हे सांगून ठेवतो.
फाटकापलीकडे उभा आहे, इंजिन चालू ठेवून.
आभाळ आलं की हॉर्न देतो.
एखाद्या दिवशी सोडावाही लागतो.

काल चार दहाला जाग आली,
पहिल्या पॅसेंजरच्या वेळेला.
ती लाइनही आता उखडली.
कौतिका अंधारातच म्हणाली, दुखते का जी?
तोंडावर होय आलं होतं, सवयीचं.
थांब, म्हटलं, पाहतो.
आणि बराच वेळ
पायात शोधत राहिलो.