सहा तासांची तळी

भरती म्हणजे आमच्याकडे पोलीस भरती.
पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं.
ओहोटी तर भूगोलाच्या पुस्तकात,
तीही परीक्षेला न येणाऱ्या धड्यात.

उम्म अल क्वैनच्या खाडीवर
म्हातारा खलफान जाळं झटकता झटकता म्हणाला,
मद आणि जझर, हे दोन शब्द शीक,
बाकीची अरबी नाही आली तरी चालेल.
मी शिकलो.
निदान मान तरी हलवली.

डिसेंबरातली राष्ट्रीय दिनाची सुट्टी,
तिला जोडून मागून घेतलेले दोन दिवस.
अजमानच्या गच्च्यांवर चिलर दुरुस्त करणारे आम्ही दोघे,
मी, आणि आलप्पुळाचा सजीवन.
देश सोडून जाणाऱ्या एका जर्मनाने विकलेला हिरवा कॅनू,
वीस लिटरचे दोन कॅन गोडं पाणी,
खुबूस, खजूर, कैरीचं लोणचं.
तो म्हणे वल्लम, मी म्हणे डोंगा.
पहिला दिवस त्या भांडणातच वल्हवला.

दुसऱ्या दिवशी पाणी मागे सरलं.
गाजावाजा न करता,
लग्नातून मानपान न झालेला मामा निघून जातो तसं.
तिवरांची मुळं उघडी पडली,
आणि मागे राहिली तळी.
एक, पलीकडे अजून एक,
चिखलाची उंच वरंबं ओलांडली की तिसरं.
डोंगा डोक्यावर घेऊन आम्ही चाललो,
पोटरीपर्यंत रुतत,
एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात.

माझं गाव भंडाऱ्याचं. आम्ही ढिवर.
तलाव म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये.
पण इथे ना पाळ, ना तुडूम, ना सोसायटीचा ठेका,
शिंगाड्यासाठी ना कोर्टकचेरी.
कुणी खणलं नाही, कुणाच्या बापाचं नाही.
म्हणून मी नावं ठेवत गेलो:
आत्याबोडी. कानी बोडी. भांडणबोडी.
चौथ्यात शेकडो रोहित एका पायावर उभे,
त्याला नाव सुचलं नाही.
सजीवन फोनवर खुणा करत होता,
नकाशात तिथे नुसता करडा रंग.

आमच्याकडे चैतात पाणी जातं, तलाव राहतो.
भेगाळलेला, ढोरं उतरलेला, पण राहतो,
सातबाऱ्यावर त्याचं नाव असतं.
इथे पाणी कुठेच जात नाही.
तलावच जातो.

तिसऱ्या दुपारी अडकलो.
जझरचा हिशेब चुकला, माझाच.
चहूबाजूंनी चिखल, मधे वावभर तळं,
तळ्यात डोंगा, डोंग्यात आम्ही,
कॅनमध्ये तांब्याभर पाणी.
सिग्नलची एक काडी होती.
बाबांना लावला.
"किती खोल हाये?"
"गुडघाभर."
"मंग उतर ना लेका!"
कसं सांगू, खाली तळ नाही, नुसता लगदा आहे.
"बरं, मंग बस," ते म्हणाले,
"डोंग्यात बसलेला मानूस हरवत नाही,"
आणि बैलाच्या औषधाचं सांगू लागले.

बसलो.
सजीवन टोपीखाली झोपला.
एक खेकडा वरंब्यावर आला, आम्हाला बघून परत गेला.
मीठ पिंडऱ्यांवर वाळून पांढरं झालं.
मग सूर्य तिवरांना टेकता टेकता
तळ्याच्या कडेची एक रेघ हलली.
बस, एवढंच.
थोड्या वेळाने भांडणबोडी कानी बोडीत शिरली,
दोघी मिळून आत्याच्या अंगणात,
आणि रोहित उठले,
ते बिनानावाचं तळंही गेलं.
डोंगा आपोआप उचलला गेला,
झोपलेल्या पोराला कुणी कडेवर घ्यावं तसा.

खलफान काठावर टॉर्च घेऊन उभा होता.
फोनवरच्या खुणा दाखवल्या तर म्हणाला,
इथे तळी नाहीत.
मग म्हणाला, उद्या दुपारी असतील. दुसरी.

बाबा डोंगा किनाऱ्याला लावले की
तळाशी साचलेलं पाणी तुंब्याने उपसायचे
आणि तलावातच ओतायचे,
ज्याचं त्याला, म्हणायचे.
मी बाटली कापली.
उपसू लागलो.
तीन दिवसांचं पाणी, चार तळ्यांचं,
गढूळ, त्यात लोणच्याचं तेल तरंगतंय.
ज्याचं त्याला, मी म्हणालो.
सजीवन म्हणाला, कुणाचं?
मी उपसत राहिलो.