दोन झोक्यांचा एक

वडगावातल्या बागेत आम्ही चौघं होतो.
भावकू निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही.
लगमव्वा कंत्राटावर होती, कंत्राट संपलं.
सातेरीला स्मशानाच्या कामावर नेलं,
तिथं म्हणे गर्दी कमी होत नाही.
उरलो मी, मष्णू,
आणि किल्ल्यांचा जुडगा,
ज्यातल्या पाच किल्ल्यांना आता कुलपंच नाहीत.

मार्चात कागद आला. कन्नडात होता,
ऑफिसातल्या बसम्माकडून वाचून घेतला.
आकड्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "इष्टे."
मी म्हटलं, "एखादं शून्य लिहायचं राहिलंय काय?"
ती हसली नाही.
तिचा पोरगाही येतो इथं खेळायला.

एवढ्यात काय बसतं, सांगतो.
टँकर आठवड्याला दोन होते, एक बसतो.
खुरपं बसतं, त्याला धार लावणं बसत नाही.
कारंजं बसत नाही.
त्याच्या हौदात मी गवती चहा लावलाय.
सकाळी फिरायला येणाऱ्या बायका
पदराआड चार पाती नेतात,
तेव्हा मला दुसरीकडे काम निघतं.

हिरवळ की झाडं, एवढाच प्रश्न होता.
आधी दोघांना अर्धं अर्धं पाजलं,
दोघंही कोमेजली.
मग एका संध्याकाळी, माग थांबायच्या वेळी,
पाइप उचलून बुचाच्या बुंध्याशी टाकला
आणि हिरवळीकडे पाठ केली.
जिच्यावर कुणी बसू नये म्हणून
सव्वीस वर्षं शिट्टी मारली,
ती पंधरा दिवसांत सुतळीसारखी झाली.

सतराव्या दिवशी तिच्यावर स्टंप ठोकलेले दिसले.
शिट्टी ओठांपर्यंत नेली.
पुन्हा खिशात टाकली.

झोक्यांचं असं झालं.
झोके दोन, दोघांचीही एकेक साखळी झिजलेली.
नव्या साखळीची मागणी तीनदा लिहून दिली.
उत्तर आलं ते फलकाचं:
बागेचं नाव नव्यानं रंगवायचं आहे,
अक्षरांची उंची मोजून कळवा.
कुठल्या भाषेतलं अक्षर किती उंच,
ह्याचा निधी वेगळा असतो म्हणे, तो आटत नाही.
मी शिडी लावली. मोजली. कळवली.

उतरताना सुचलं.
ह्याची धड साखळी काढून त्याला लावली.
सिद्राय वेल्डरनं पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, पहिला झोका माझ्या लेकीला.

आता रांग लागते.
वीस झाले की उतरायचं, हा नियम पोरांचाच.
वंदु, एरडु, मूरु, असं सहापर्यंत जातं,
मग मागचं एखादं घाईला येऊन ओढतं: सात, आठ, नऊ...
आणि चौदावर भांडण.
चौदा झाले की हदिनाल्कु?
दोन्ही एकच रे बाबांनो, सांगून दमलो.
ज्याला उतरायचं नसतं
तो पहिल्यापासून मोजायला लावतो.

दुसऱ्या झोक्याची नुसती चौकट उरली होती.
परवा लगमव्वा आली, कामाला नव्हे, नातवाला घेऊन.
रांग बघितली, चौकट बघितली.
"काय करूलालास रे एकटाच?"
घरी जाऊन मागावरून बाद झालेलं लुगडं आणलं,
पीळ दिला, गाठी मारल्या,
आधी स्वतः बसून बघितलं.
"किती दिवस टिकेल?"
"पावसापर्यंत. तोवर आणखी एक बाद होईल की."

महिन्याच्या अहवालात रकाना आहे:
वापरात असलेले झोके, संख्या.
एक लिहिलं तर पुढंही एकाचेच पैसे येणार.
दोन लिहिलं तर लुगड्याची पावती मागणार.
पेन उघडून बसलो होतो.
बाहेरून कुणीतरी ओरडलं, हदिनेंटु!

अजून दोन बाकी होते.