खालचं दार

नर्सने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं:
मंगळवार, सहा वाजता. अंगणातून आत. खालचं दार.
कुठलं अंगण, ते राहूनच गेलं होतं.

केमीत जानेवारीत तीनलाच अंधारतं.
बंदराकडच्या रस्त्यावर सगळी अंगणं सारखी,
सायकली गुडघाभर बर्फात,
आणि खालचं दार तर प्रत्येक इमारतीला.
कुठं कपडे धुवायची खोली, कुठं स्की ठेवायची.
एक ढकललं तर आत टायरवर बसून
एक पोरगा सिगरेट ओढत होता.
मी म्हटलं, चुकले.
तो म्हणाला, मीपण.

वीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
आमच्या बसला फुंकणी असते:
नळीत फुंकायचं, हिरवा दिवा लागला
तरच इंजिन जागं होतं.
फुंकर घातली की जाळ धरतो म्हणतात.
त्या सोमवारी मी फुंकलं. लाल.
दात घासून आले. लाल.
कॉफी, खारवलेली काकडी,
मूठभर बर्फ तोंडात धरून पुन्हा.
लाल दिवा भिडेखातर काही करत नाही.

तिकडे फाट्यावर तेरा मुलं उभी,
उणे बावीसमध्ये,
दप्तराला लटकवलेल्या चकत्या चमकाव्यात म्हणून
रस्त्याकडे पाठ करून.
चाळीस मिनिटं कुणाचाच दिवा आला नाही.
सगळ्यांची बोटं शाबूत राहिली.
ते मी फोन करून विचारून घेतलं,
माझं नाव न सांगता.

सहा वीस. चौथं अंगण.
खालच्या दारामागून अकॉर्डियन ऐकू येत होतं.
हे लोक गाणीबिणी म्हणत असतील
तर आपण नाही बाई,
असं म्हणून फिरणार, तोच कडी सैल निघाली.
सात म्हातारे, मांडीवर सात भाते.
त्यातल्या एकाने सूर न सोडता
हनुवटीनेच डावीकडे दाखवलं.
पुढचं दार. आधी सगळे इथेच येतात.
मी कशाला आलेय ते तुम्हाला काय ठाऊक, मी म्हटलं.
शिकायला येणारा हातमोजे काढून येतो, तो म्हणाला.

तिथून पुढच्या दारापर्यंत अकरा पावलं.
मला पन्नास मिनिटं लागली.
मधे एकदा दारूच्या सरकारी दुकानापर्यंत जाऊन आले.
ते नऊपर्यंत उघडं असतं.
त्याचा पत्ता कधी कुणी लिहून द्यावा लागला नाही.

शेवटी दार उघडलं तेव्हा
खुर्च्या भिंतीला टेकून रचलेल्या,
आणि बाह्या सरसावून एक जण कप विसळत होता.
सभा संपली, तो म्हणाला. तासाभराचीच असते.
मला हलकं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर
सुटल्यासारखं वाटलं.
मग त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं,
बर्फ वितळून त्यांच्याभोवती तळं झालं होतं.
दोघं असले की सभा होते, तो म्हणाला,
आमच्यात तसं धरतात.
हात पुसले. रचलेल्यातल्या दोन खुर्च्या ओढल्या.
किटली पुन्हा ठेवली.

आणि समोर बसून, एकट्या मला,
जणू खोलीत पन्नास माणसं आहेत अशा आवाजात,
मी औलिस, म्हणाला, आणि पुढचं वाक्य
पुरं म्हणाला, न गिळता.
बर्फफोड्या जहाजावर आचारी होता.
सूप ढवळायच्या डावाने प्यायचा.
त्यात हसण्यासारखं होतं, पण तो हसला नाही.

मग माझी पाळी.
भिंतीपलीकडे तोच वॉल्ट्झ
त्याच जागी अडखळत होता.
मी तेल्लेर्वो, मी म्हटलं.
पुढचा शब्द आला नाही.
तो मदतीला धावला नाही. मान डोलावली नाही.
किटली उकळून आपोआप बंद झाली.
तेरा मुलं, मी म्हटलं.
हं, तो म्हणाला.
त्या दिवशी तेवढंच झालं.

निघताना त्याने टॉवेल माझ्या हातात दिला,
कप पुसायचे राहिले होते.

घरी येऊन मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं:
चौथं अंगण. आत वाद्य वाजत असेल
तर डावीकडे, अकरा पावलं.
पुढच्या मंगळवारी चिठ्ठी दुसऱ्या कोटात राहिली.
मी पुन्हा आधी वाद्यवाल्यांच्याच दारात.
म्हाताऱ्याने हनुवटी हलवली.