पाठीमागची बाजू

वहीची पानं काळी, म्हणून पांढऱ्या शाईचं पेन
महाद्वार रोडवरून आणलं. चाळीस रुपये.
दुकानदार म्हणाला, ताई, हे खोडता येत नाही हं.
भाचीचं लग्न ठरलंय. आत्या, तूच लिही फोटोंखाली,
तुझं अक्षर चांगलं आहे.
अक्षराचं काय, फळ्यावर वीस वर्षं सुविचार लिहून झालंय ते.

पहिल्या फोटोखाली लिहिलं, 'सोनेरी क्षण'.
दुसऱ्याखाली, 'आठवणींचा हिंदोळा'.
तिसरा डिंकाच्या बोटाला चिकटून उलटा पडला.
पाठीवर शिसपेन्सिलीनं आण्णांचं:
'फ्रिज. १६५ लिटर. हप्ते १२.'

पुढून बघावं तर अख्खं घर फ्रिजपुढं उभं,
तानूमावशीचा हात हँडलवर,
जशी कुणाला उघडूच देणार नाही.
आम्ही किती हसतोय. मागं त्याची नोंद नाही.

उद्यमनगरात फौंड्रीत होते आण्णा. मोल्डर.
ओतीव माल निवला की खडूनं त्यावर लिहायचं
नग, वजन, तारीख.
चीर असली तर फुली.
लिहिण्याशी त्यांचा संबंध एवढाच.

मग मी सगळेच उलटे केले.
रणजित, दुपट्यात: '३ किलो २००. रात्री पावणेतीन.'
तोच रणजित, पेठेच्या टीमची जर्सी, गुडघ्याला पट्टी:
'टाके ७. हरले.'
जोतिबाहून येताना एसटीच्या दारात सगळे गुलाबी:
'शर्ट गेला.'
रंकाळ्यावर आई, भेळेचा कागद पाठीमागं लपवून:
'फोटोवाला पाऊण तास उशीर. भेळ २.'
मी, भाड्याच्या काळ्या झग्यात:
'६१ टक्के. पेढे दोन किलो.'

माझं लग्न. मुंडावळ्या, फ्लॅशनं मिटलेले डोळे.
'७ तोळे. पानं ६४०. आचारी बरा.'

त्यानंतर तीन वर्षांनी गच्चीवरचा एक,
कुणी काढला आठवत नाही.
मी वाळवणाशेजारी, सांडग्यांवरचे कावळे हाकत.
हा उलटावा की नको, म्हणून आधी चहा टाकला.
प्यायला. कप विसळला.
'माणिक घरी. ४ तोळे परत आले नाहीत. जाऊ दे.'

'जाऊ दे' वेगळ्या पेन्सिलीनं आहे.
किंवा त्याच, पण टोक करून.

रणजित सोप्यातनं म्हणाला, ते काय लिवतीस होय लग्नाच्या वहीत?
काहीतरी छान लिही की गं.
वहिनी आतनं, वजनं कसली घालतीस, बाजार हाय का?
बरोबर आहे त्यांचं.
तरी 'सोनेरी क्षण'वर काळ्या कागदाची पट्टी मारली
आणि आण्णांचंच उतरवत गेले.
स्वल्पविराम त्यांना माहीतच नव्हता.
पूर्णविराम मात्र खिळा ठोकल्यासारखे,
काही फोटोंच्या पुढल्या बाजूला टोचे उठलेत,
एक आईच्या गालावर.

आईचा शेवटचा. दवाखान्याची कॉट, माझा स्वेटर.
'४१ किलो'
इथं पूर्णविराम नाही.

आण्णांचा एकट्याचा एकच सापडला.
शेडच्या दारात, काळ्या वाळूनं माखलेले कोपरापर्यंत हात,
कुणी हाक मारली म्हणून वळलेले.
पाठीवर स्टुडिओचा शिक्का, शाहूपुरी, तिसरी गल्ली.
बाकी कोरं.
स्वतःच्या मालावर स्वतः कोण लिहितं.

पेन बराच वेळ हातात राहिलं. टोपण लावलं, काढलं.
मग लिहिलं:
'आण्णा. वजन माहीत नाही. कधी विचारलं नाही.'

भाची दारातनं हाका मारतेय, झालं का गं आत्या, बघू.
पान उघडंच आहे.
थांब म्हटलं, ओलं आहे अजून,
हात लावू नको.