डाव संपवा

आइलिफ म्हणतो, मावशी, दुसरा भाग घेच.
रविवारी रात्री बारापर्यंत निम्म्या किमतीत आहे.
त्यात ग्रह खरोखर फिरतात,
त्यांच्या काळोख्या बाजूवर शहरांचे दिवे लुकलुकतात,
आणि शत्रू आता एवढा बावळट राहिलेला नाही.

पहिल्या भागातला बावळटच आहे, कबूल.
अठरा वर्षं त्याच खिंडीतून येतोय,
दोन लाल ताऱ्यांच्या मधून,
तीच सात जहाजं घेऊन,
आणि अठरा वर्षं मी खिंडीच्या तोंडाशी सुरुंग पेरून बसलेली.
एखाद्या डावात आला नाही
तर मीच टेहळणी पाठवते,
बरा आहे ना?

तिथे तारा म्हणजे नुसता ठिपका. त्याला नाव देता येतं.
मी वार्डोच्या बोटींची नावं दिली,
बुडालेल्या, विकलेल्या, किनाऱ्यावर उलट्या पडून गंजलेल्या.
एका ठिपक्याला वडिलांच्या बोटीचं.
त्याच्याजवळ ना खनिज ना पाणी,
तरी बाकीचं राज्य उपाशी ठेवून
मी तिथेच तोफा बसवते.
आइलिफ कपाळाला हात लावतो.

त्याच्याकडे, किर्केनेसला, दुसरा भाग पाहिलाय मी.
वेळ नळासारखी वाहते त्यात.
तो कॉफीत साखर ढवळेपर्यंत
त्याचा एक चंद्र गेला.
"थांबवता येतं की," म्हणाला, आणि बोट ठेवलं:
गोळे हवेत लटकले, आगही होती तशी गोठली.
याला थांबणं कोण म्हणेल?
श्वास कोंडून धरलाय कुणीतरी, एवढंच.

माझी रात्रपाळी. अकरा खोल्या.
सूर्य नोव्हेंबरात गेला, जानेवारी अर्धा सरल्यावर येईल.
चार नंबरात ओस्लाउग,
दर दोन तासांनी तिची कूस बदलायची.
घंटा वाजते ती मात्र त्याच्या मधल्या वेळात.
उशी सरकली. पाणी. खिडकीत कोण आहे.
ती विचारते, "बोटी आल्या सगळ्या?"
मी म्हणते, दोन यायच्यात.
तेवढ्यावर ती डोळे मिटते, कधी मिटत नाही,
मग मी बसते, बोटांना बोटं धरून,
पाऊण तास, कधी दीड.

परत येते तेव्हा पडद्यावर सगळं जिथल्या तिथे.
उजव्या कोपऱ्यात एक करडं बटण: डाव संपवा.
त्याला घाई नाही.
त्याने मला एकदाही विचारलेलं नाही
कुठे होतीस.

रविवारी मी तरी पान उघडून ठेवलं.
कार्डाचा नंबर घातला, मागचे तीन आकडेही.
खरं सांगायचं तर ते दिवे पाहायचे होते,
ग्रहाच्या काळोख्या बाजूचे.
आम्ही तिथेच राहतो;
वरून कसे दिसतो ते कुणी दाखवलं नव्हतं.
सवलतीचं घड्याळ उलटं धावत होतं,
अगदी दुसऱ्या भागासारखं.
अकरा बावन्न. अकरा त्रेपन्न.

चार नंबरची घंटा.

उशी नव्हती, पाणी नव्हतं.
"बोटी आल्या?"
कोण जाणे का, मी म्हटलं, आल्या.
ती दचकली. "सगळ्या? मग दिवा कशाला ठेवलायस?"
दिवा मालवून अंधारात बसले तिच्याजवळ.
बाहेर बर्फ काढणारी गाडी गेली,
तिचा पिवळा झोत छतावरून फिरला
आणि निघून गेला.

बारा वीस. किंमत दुप्पट.
हा निर्णय होता असं मी म्हणणार नाही.
आइलिफला काय सांगायचं तेही ठरलेलं नाही;
उन्हाळ्यात पुन्हा स्वस्त होईल, तो म्हणेलच.

इकडे बावळट निघालाय.
सात जहाजं. खिंड तीन डाव लांब.
मी आधी कॉफी ठेवते.