दोन नंबर

हाकोदातेला, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ
नागामिनेबाईंचं दुकान. पूर्वी इथे मासेमारीची जाळी मिळायची,
फळ्यांना अजून दोराचा वास आहे.
मी म्हटलं, एक कंट्रोलर हवाय, जुन्या खेळांसाठी.
त्यांनी काउंटरवर टॉवेल पसरला, त्यावर सात मांडले.
म्हणाल्या, घाई करू नका. डोळ्यांना विचारू नका. अंगठ्याला विचारा.

पहिला करडा, हाडाच्या आकाराचा,
चार कळा चार रंगांच्या, खोकल्याच्या गोळ्यांसारख्या.
हातात आला आणि तिथेच राहायला लागला.
मग एक काळा, सहा कळांचा, जरा रागीट.
मग ती लाल गोळ्याची दांडी, तळाला लोखंडी पत्रा,
मांडीवर घेतली तर झोपलेल्या मुलाएवढी जड.
बाई म्हणाल्या, तिरपं दाबा. आता खाली.
खाली दाबताना डावीकडे घसरतो का बघा.
घसरायचा. थोडासाच.
पण खड्डा आला की थोडासाच पुरतो.

सातवा नवाकोरा, बिनवायरचा,
थरथरायचा, उजळायचा, सगळं यायचं त्याला.
त्यात खोट काढता येईना.
मी तो सगळ्यात आधी बाजूला ठेवला.

करडाच घेणार होते. पाकीट उघडलं होतं.
तेवढ्यात दिसला तो, बिस्किटांच्या डब्यात, स्क्रूंच्या गर्दीत,
तांबडा, सोनेरी पट्टीचा, चौकोनी कळांचा,
शेपटासारखी वायर गुंडाळलेला.
कोपऱ्यात रोमन दोन.

मुरोरानला आमच्या घरी वायर हातभरच होती,
म्हणून मी आणि कियोताका खांद्याला खांदा लावून बसायचो,
पाय कोतात्सूच्या रजईत, गुडघे एकमेकांत.
एक नंबर त्याचा. त्यावर सुरू करायची कळ,
थांबवायचीही तीच.
माझ्यावर त्या जागी नुसती बारीक भोकं.
त्यात बोललं की टीव्हीतून माझाच आवाज यायचा.
नऊ वर्षांची मी, कच्चं लिंबू,
भोकांना ओठ लावून सांगायचे,
दादा, थांबव ना, शू लागलीये.
सबंध खोलीभर घुमायचं ते.
तो थांबवायचा नाही.
बाबांची भट्टीवर रात्रपाळी असली
की दिवसा ते पलीकडे झोपलेले असायचे.
मग मी आवाजाची पट्टी तळाशी सरकवायचे
आणि तेच, पुटपुटत.
तेव्हा मात्र थांबवायचा.
का, ते मी कधी विचारलं नाही.

अठराव्या वर्षी तो नागोयाला गेला, गाड्यांच्या कारखान्यात.
मशीन त्याच्या पैशांचं, त्याच्या बॅगेत.
आदल्या रात्री सगळे झोपल्यावर
मी शिवणाची कात्री घेतली
आणि दोन नंबरची वायर मुळाशी कापली.
सकाळी त्याने बघितलं.
उरलेलं टोक मशीनभोवती नीट गुंडाळलं,
आणि कुणाला काही बोलला नाही.
माझा तुकडा पुढे घर बदलताना कुठेतरी गेला.

डब्यातला मी उचलला.
कळा कडक, कोपरे तळव्याला टोचणारे,
धरण्याजोगं त्यात काही नाही, हे मलाही कळत होतं.
अंगठा मात्र न विचारता जाऊन बसला,
घरच्या उशीवर मान बसते तसा.

बाई हसल्या. अहो, तो विकायचा नाही,
मेलेल्या मशीनमधून काढलाय.
शिवाय एकटा काय कामाचा?
बघा ना, यावर सुरू करायची कळच नाही.

माहीत आहे, म्हटलं.
ती नागोयाला आहे.